पूररेषेखालचा प्लॉट आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, पण माझ्यातून चंद्र-तारे दिसत नाहीत. मी जमिनीची उंची मोजते. रस्त्याच्या कडेला तिपाईवर ठेवलेल्या यंत्राला डोळा लावून वाकलेलं एखादं माणूस तुम्ही पाहिलं असेल. त्याच्यापासून लांब दुसरं माणूस लाल-काळ्या आकड्यांची उंच पट्टी धरून उभं असतं. ते तिपाईवरचं यंत्र म्हणजे मी. शिकलेले लोक मला 'लेव्हल' म्हणतात. सातारा-सांगलीकडच्या गावांत मात्र मला सगळे दुर्बीणच म्हणतात, आणि मलाही तेच नाव आवडतं.

माझा जन्म लांब उत्तरेत, यंत्रांच्या एका कारखान्यात झाला. माझी नळी पितळेची आहे. तिच्या दोन्ही टोकांना भिंगं आहेत आणि आत केसासारख्या बारीक रेघांची एक फुली आहे. पाठीवर काचेची छोटी कुपी आहे, तिच्यात एक बुडबुडा हलतो. बुडबुडा मधोमध आला, की मी समपातळीत आले असं समजायचं आणि फुलीवर येणारा पट्टीवरचा आकडा वाचायचा. माझ्यातून माणसं उलटी दिसतात, पाय वर आणि डोकं खाली. पहिल्यांदा बघणारा हसतोच.

पाटणच्या हिंदुरावांनी मला एका कंत्राटदाराच्या सामानाच्या लिलावातून घेतलं. ते कालव्यांच्या कामावर सर्व्हेअर होते. कोयनेच्या खोऱ्यात मी त्यांच्याबरोबर किती डोंगरउतार पालथे घातले, त्याची गणती नाही. ज्या बांधांवर त्यांच्या वडिलांना कुणी उभं राहू देत नव्हतं, त्याच बांधांची उंची हिंदुराव सांगायचे आणि मोठमोठे बागायतदार मान खाली घालून ती ऐकायचे. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात चढेल आणि कुणाच्या नाही, हे आमच्या दोघांच्या शब्दावर ठरायचं. कुणी आकडा बदलायला सांगितला, तर ते एवढंच म्हणायचे, "पाणी माझं ऐकत न्हाई, पाव्हणं. तवा मीबी तुमचं ऐकून उपेग न्हाई."

ते मला फार जपायचे. उन्हात माझ्यावर छत्री धरायचे. दर महिन्याला दोन खुंट्या ठोकून माझा डोळा तपासायचे. आधी मला दोन खुंट्यांच्या बरोबर मधे उभं करायचे आणि मग एकीच्या अगदी जवळ. खुंट्यांच्या उंचीतला फरक दोन्ही वेळा तोच आला, तर डोळा सरळ. माझा डोळा नेहमी सरळ निघायचा आणि हिंदुराव माझ्या पाठीवर हलकेच थाप मारायचे.

पुढे ते निवृत्त झाले. मोतीबिंदू झाला. मी माळ्यावर गेले आणि सहा वर्षं तिथेच राहिले. माझ्या पेटीत उंदरांनी घर केलं. कुणीतरी मोडीत घालायचं बोलूनही गेलं. पण त्यांची मुलगी प्रियदर्शनी सर्व्हेची परीक्षा पास झाली, सांगलीत तिने स्वतःचं लहानसं ऑफिस थाटलं आणि मला माळ्यावरून खाली काढलं. नवं यंत्र घेणं तिला झेपणारं नव्हतं. स्कूटरवर पायाशी मला ठेवून ती सांगलीभर फिरू लागली.

पट्टी धरायला ती राहीबाईंना बोलवायची. राहीबाई हळदीच्या गोदामात कामाला. गोदामात काम कमी असलं, की त्या आमच्याबरोबर यायच्या. त्यांच्या हातातली पट्टी कधी तसूभरही कलली नाही. नाल्याकाठच्या सखल गल्लीत त्यांची पत्र्याची खोली होती. २०१९च्या महापुरात ती खोली पत्र्यासकट बुडाली होती, आणि दोन वर्षांनी पुन्हा निम्मी.

आता खरी गोष्ट सुरू होते. गेल्या वर्षी शहरात घरांच्या एका नियमाचा वाद पेटला. मोठ्या जागेवर नवी वसाहत बांधणाऱ्याने पाचांतलं एक घर लहान आणि परवडणाऱ्या किमतीचं बांधायचं, असा नियम होता. पण त्यात एक पळवाट होती. ती घरं दुसरीकडे, शहरात कुठेही बांधली तरी चालत. आता 'दुसरीकडे' हा शब्द काढून टाकायचं घाटत होतं. म्हणजे लहान घरंही त्याच जागेवर बांधायची, आणि त्यांचा रस्ताही त्याच फाटकातून. त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या.

वीरधवल नावाचे एक बिल्डर मिरज रस्त्याच्या उंचवट्यावर सहा इमारती बांधणार होते. लहान घरांसाठी त्यांनी निवडला होता नाल्याकाठचा एक प्लॉट, राहीबाईंच्या गल्लीला लागून, तिच्याहून थोडा उंच. तो पूररेषेच्या, म्हणजे मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढतं त्या पातळीच्या, वर आहे, असा दाखला त्यांना हवा होता. ते काम त्यांनी प्रियदर्शनीला दिलं.

आम्ही मोजलं. जवळच्या पुलाच्या कठड्यावर सरकारी उंचीची खूण आहे, तिथून सुरुवात केली. प्लॉट पूररेषेच्या एक मीटर सेहेचाळीस सेंटिमीटर खाली निघाला. प्रियदर्शनीने तसं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी वीरधवल स्वतः ऑफिसात आले. अतिशय शांत माणूस. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी तिची परवानगी विचारली.

"ताई, दीड मीटरचाच तर प्रश्न आहे. कागदावर तेवढं वर घ्या. आम्ही भराव टाकणारच आहोत."

"भराव टाकून झाला की बोलवा. तेव्हा येईल तो आकडा लिहीन. आणि भरावामुळं पाणी शेजारच्या गल्लीत किती चढेल, तेही लिहीन."

"अहो, त्या लोकांना पक्कं घर मिळतंय. कुठं का असंना! माझ्या इमारतीत फ्लॅट घेणारे लोक मला विचारतात, शेजारी कोण येणार म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

प्रियदर्शनीने आकड्यांचा कागद त्यांच्याकडे सरकवला. वीरधवल उठले.

"तुमची चारातली तीन कामं आमच्या ओळखीतनं येतात. धमकी देत नाही हां. आठवण करून देतोय."

त्या आठवड्यापासून ऑफिसचा फोन वाजेनासा झाला. मी टेबलावर बसून दाराकडे बघत राहायचे. तीन आठवड्यांत एकही गिऱ्हाईक आलं नाही. मग बातमी आली, की वीरधवल यांनी नव्या नियमावर हरकत घेतली आहे आणि सोबत दुसऱ्या सर्व्हेअरचा दाखला जोडला आहे. तोच प्लॉट त्या दाखल्यात पूररेषेच्या साठ सेंटिमीटर वर होता. सही होती सिद्धूची. हा सिद्धू प्रियदर्शनीबरोबर पॉलिटेक्निकला शिकलेला. त्याच्याकडे नवंकोरं यंत्र होतं, आकडा आपोआप पडद्यावर दाखवणारं.

"दोन मीटरचा फरक?" प्रियदर्शनी स्वतःशीच म्हणाली आणि मला उचलून थेट प्लॉटवर गेली.

तिथे टिपरने मुरूम आणून टाकायचं काम चाललं होतं. प्लॉटच्या एका कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा ढीग झाला होता, त्याचा माथा चोपून सपाट केलेला. बाकी जमीन होती तशीच. प्रियदर्शनीने मला उभं केलं आणि डोळा लावला. माझ्यातून राहीबाई पट्टी धरून उलट्या दिसत होत्या. एकाएकी त्यांनी पट्टी टाकली आणि त्या हात हलवत धावत सुटल्या.

"ताईऽऽ! मागं बघा! सरका!"

मुरमाने भरलेला टिपर मागे मागे येत होता. ड्रायव्हरला आम्ही दिसलो नाही, की दिसूनही तो थांबला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. प्रियदर्शनीने बाजूला उडी मारली. टिपरचं मागचं फळकूट तिपाईला लागलं आणि मी जमिनीवर आपटले.

त्या क्षणी माझ्या नळीत काहीतरी हललं. फार नाही, केसभर. पण मला ते कळलं.

राहीबाईंनी मला पदराने पुसलं. प्रियदर्शनीने मला पुन्हा तिपाईवर चढवलं आणि बुडबुडा मधे आणून बघितला. तो शहाण्या मुलासारखा मधोमध थांबला. तिने सुटकेचा श्वास सोडला. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बुडबुडा ठीक आहे, पण माझा डोळा ठीक नाही! पण यंत्राला वाचा नसते.

हिंदुरावांनी फोनवर सगळं ऐकलं आणि ते लगेच म्हणाले, "पोरी, पडल्यालं यंतर आदी तपास. बुडबुडा बरूबर म्हंजी डोळा बरूबर, असं न्हाई."

"उद्या सुनावणी आहे, बाबा. आता वेळ कुठाय?"

सुनावणीचं सभागृह गच्च भरलं होतं. समोर सरकारी अधिकारी भोईटे मॅडम बसल्या होत्या. लोकांचं ऐकून अहवाल द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रियदर्शनीने आपली सूचना वाचली. लहान घरं त्याच जागेवर बांधायला लावावीत, कारण 'दुसरीकडे' म्हणजे कुठे हे नाल्याकाठचा हा प्लॉटच सांगतो, असं त्यात होतं. वीरधवल यांचे वकील हसून म्हणाले, "मॅडम, यांची दुर्बीण चाळीस वर्षं जुनी आहे. आमचा दाखला आधुनिक यंत्राचा आहे. कुणावर विश्वास ठेवायचा?"

सगळ्यांत जास्त लागलं ते दादासोंचं बोलणं. ते मार्केट यार्डात हमाली करायचे, राहीबाईंच्याच गल्लीत राहायचे. ते उठून तावातावाने राहीबाईंनाच म्हणाले, "आवं मावशी, उभ्या जल्मात पैल्यांदा पक्कं घर मिळाया लागलंय. तुमी पट्टी धरून त्येच बुडवाय निघालाय व्हय?"

राहीबाईंचे डोळे भरून आले. पण त्या उठल्या.

"दादासो, घर मलाबी पायजेच हाय. पर मी दोनदा पाण्यातनं भांडी गोळा केल्यात. तिसऱ्यांदा पक्क्या घरातनं गोळा करू काय?"

सभागृहात गलका उठला. भोईटे मॅडमनी टेबलावर हात आपटला. "उद्या सकाळी दहा वाजता प्लॉटवर या. दोन्ही यंत्रं आणा. माझ्यासमोर मोजा."

सकाळी दहाला प्लॉटवर पन्नासेक माणसं जमली होती. वीरधवल गाडीला टेकून उभे होते. त्यांच्यापासून जरा दूर सिद्धू आपलं यंत्र पेटीतून काढत होता. त्याने प्रियदर्शनीकडे बघायचं टाळलं.

"आधी जुन्या दुर्बिणीचा डोळा तपासू या," वकील म्हणाले.

दोन खुंट्या ठोकल्या. मला मधोमध उभं केलं. दोन आकडे लिहिले. मग मला एका खुंटीजवळ नेलं. माझं पितळ उन्हाने नाही, भीतीने तापलं होतं. प्रियदर्शनीने आकडा वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा डोळा लावताना तिची पापणी माझ्या भिंगावर घासली.

तिला खोटा आकडा सांगता आला असता. आत बघणारी ती एकटीच होती.

ती सरळ उभी राहिली. "मॅडम, दुर्बिणीत दोष आहे. साठ मीटरमध्ये तीन सेंटिमीटर चुकतेय. परवा ती पडली होती."

हशा पिकला. वकिलांनी हात झटकले. दादासोंनी मान हलवली. चाळीस वर्षांत माझ्यावर असा प्रसंग आला नव्हता. मित्रांनो, मला वाटलं, त्या टिपरखाली माझे तुकडे झाले असते तर बरं झालं असतं.

"मग संपलं तर," वकील म्हणाले.

"नाही संपलं." प्रियदर्शनीचा आवाज चढला नाही. "मॅडम, हिचा डोळा वर बघतोय. पुढं बघताना जेवढा वर, तेवढाच मागं बघताना. दोन्ही अंतरं सारखी ठेवली, की दोन्ही चुका सारख्याच होतात आणि वजाबाकीत उडून जातात. मी प्रत्येक वेळी हिला बरोबर मधे उभं करते. अंतर तुम्ही टेपनं मोजून घ्या."

भोईटे मॅडमनी सिद्धूकडे पाहिलं. "असं होतं?"

सिद्धूने मान डोलावली. "होतं, मॅडम. पुस्तकात आहे."

मग पुलाच्या खुणेपासून काम सुरू झालं. चार ठिकाणी मला उभं केलं, आणि चारही वेळा भोईटे मॅडमच्या शिपायाने दोन्हीकडची अंतरं टेपने मोजली. शेवटी राहीबाई प्लॉटच्या मधोमध पट्टी घेऊन उभ्या राहिल्या. प्रियदर्शनीने वजाबाकी केली आणि वही मॅडमपुढे धरली.

"एक मीटर सेहेचाळीस. पूररेषेच्या खाली."

"आता आमचं," वीरधवल म्हणाले. सिद्धूने त्याच खुणेपासून मोजत मोजत यंत्र आणलं. त्याचा पट्टी धरणारा माणूस सवयीने मुरमाच्या ढिगावर चढू लागला.

"आरं बाबा, थांब की!" राहीबाई ओरडल्या. "त्यो ढीग गेल्या म्हैन्यात टाकलाय. ढिगावर काय इमारत बांधायची हाय व्हय? खाली ये, माझ्या शेजारी हुबा ऱ्हा."

तो माणूस घुटमळला. त्याने वीरधवल यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी फक्त बोटाने जमीन दाखवली. तो खाली उतरला.

सिद्धूने बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. तो त्याला एकट्यालाच दिसत होता. त्याने घाम पुसला आणि पुन्हा बटण दाबलं. वीरधवल गाडीपासून दोन पावलं पुढे आले. प्रियदर्शनी सिद्धूकडे बघत नव्हती, ती माझी तिपाई घट्ट धरून उभी होती. आता जे काही होणार होतं, ते सिद्धूच्या तोंडात होतं.

"एक मीटर..." तो यंत्रापासून एक पाऊल मागे सरकला. "एक मीटर सत्तेचाळीस. खाली."

"आणि तुमच्या दाखल्यातला आकडा?" मॅडमनी विचारलं.

"तो ढिगावरचा होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादासो गर्दीतून पुढे आले. "म्हंजी पाणी कुठवर आलं असतं?"

राहीबाईंनी हाताचा पंजा आडवा करून त्यांच्या खांद्याशी टेकवला. "हितवर. तुमची बारकी नात कुठवर येती, बघा."

दादासोंनी राहीबाईंच्या हातातली पट्टी घेतली आणि आमच्या स्कूटरपर्यंत पोचवली.

दोन महिन्यांनी नियम मंजूर झाला आणि 'दुसरीकडे' हा शब्द गेला. ज्यांना अजून परवानगी मिळाली नव्हती, त्या सगळ्यांना तो लागू झाला. त्यात वीरधवल यांच्या सहा इमारतीही आल्या. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. प्रियदर्शनीची गेलेली कामं परत आली नाहीत, ती आता पलूस आणि विट्याकडची कामं घेते. घरांच्या पहिल्या सोडतीत राहीबाईंचं नाव निघालं नाही. त्या प्रतीक्षा यादीत आहेत, अकराव्या. दादासोंचं नाव मात्र निघालं.

मला पाटणला नेलं. हिंदुरावांना आता नीट दिसत नाही, पण एक बारीक सळई घेऊन त्यांनी चाचपत चाचपत माझी फुली जागेवर आणली. दोन खुंट्यांची परीक्षा झाली. मी सरळ निघाले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली नाही. बराच वेळ हातच ठेवून बसले.

मागच्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. वीरधवल यांचा होता. "ताई, लहान घरांच्या इमारतीचं जोतं भरतोय, मिरज रस्त्याला. पातळी तुम्हीच काढा. नंतर कुणाची तक्रार नको."

आम्ही गेलो. वर मोकळा वारा होता. खाली लांबवर नदीची रेघ दिसत होती. राहीबाई जोत्यावर पट्टी धरून उभ्या राहिल्या. काम झालं, तरी त्यांनी पट्टी खाली घेतली नाही.

"ताई, पुराचं पाणी हितनं किती खाली ऱ्हातंय?"

"सहा मीटर."

"सहा मीटर म्हंजी किती?"

"तुमच्या हातातली पट्टी, आणि तिच्यावर आणखी निम्मी."

राहीबाईंनी मान वर करून पट्टीचं टोक बघितलं. मग त्याच्याही वर, मोकळ्या आभाळात, निम्म्या पट्टीएवढी जागा नजरेने मोजली.

"मग मी जरा बसते हितं," त्या म्हणाल्या, आणि ओल्या जोत्याच्या कडेला पाय सोडून बसल्या.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. आम्हा यंत्रांना उन्हापावसापासून जपा, आणि पडलो तर वापरण्याआधी तपासा. उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन घरं बांधेल, कुणी नियम लिहील. तेव्हा ज्याच्यासाठी घर बांधायचं, त्या माणसाला आधी त्या जमिनीवर उभं करा आणि विचारा, की इथे तुला झोप लागेल का? मग मला बोलवा. मी आकडा सांगेन.